भात्याच्या बॅगपाइपला पिशवी कुठली बसवू?

वाचकाचं पत्र

मी फोंड्याला राहते. गेली बावीस वर्षं पेटी शिकवते, भजनाला साथ करते. दोन वर्षांपूर्वी एडिनबरोला असलेल्या भाचीनं मला स्कॉटिश स्मॉलपाइप्स आणून दिले, तोंडानं न फुंकता काखेतल्या भात्यानं वाजवायचे. सूर ऐकला आणि मी त्यातच अडकले. पण दहा-पंधरा मिनिटं वाजवलं की डावा खांदा भरून येतो, डावं मनगट आत वळतं आणि पिशवी सारखी पुढे घसरते. यंदाच्या पावसाळ्यात तिला बुरशीही आली. नवी घ्यायची तर चामड्याची घेऊ की कृत्रिम? माप कसं ठरवू? इथेच कुणाकडून शिवून घेता येईल का? चामड्याचं वाद्य देवळात कसं नेणार, असंही घरात विचारतात. वय ५१. सवय होईल म्हणून असंच सोसत रियाज चालू ठेवू का?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सोसू नका. बोटांना सवय लागते, कानाला लागते, पण चुकीच्या मापाच्या पिशवीची सवय खांद्याला लागत नाही. खांदा फक्त आखडत जातो. नवी पिशवी नीट बसेपर्यंत दहा मिनिटांच्या वर वाजवू नका. दुखणं वाद्य खाली ठेवल्यावरही राहत असेल, रात्री कूस बदलताना कळ येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, पिशवीचं नंतर बघू.

तुम्ही पेटीवाल्या आहात, म्हणून पेटीपासूनच सांगतो. पेटीचा मागचा भाता आपण हाताने हलवतो, पण सूर स्थिर राहतो तो आतल्या भात्यामुळे. त्या आतल्या भात्यावर स्प्रिंगा असतात, त्या हवेला एकसारख्या दाबत राहतात. तुमच्या या वाद्यात उजव्या काखेतला भाता म्हणजे पेटीचा मागचा भाता, आणि डाव्या काखेतली पिशवी म्हणजे आतला भाता. स्प्रिंगा मात्र इथे नाहीत. स्प्रिंगेचं काम तुमचा डावा हात करतो, वाजवायला बसल्यापासून उठेपर्यंत, न थांबता. खांदा दुखण्याचं मूळ इथे आहे.

किती जोर लागतो तेही पाहू. स्मॉलपाइप्सना साधारण १५ इंच उंच पाण्याच्या थराइतका दाब पुरतो. लष्करी बँडमध्ये दिसणाऱ्या, तोंडाने फुंकायच्या हायलँड पाइप्सना याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतो. १५ इंच म्हणजे ३८ सेंटीमीटर पाणी, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३८ ग्रॅम. तुमचा हात पिशवीला १०० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकत असेल तर हाताला ३.८ किलोचा जोर धरून ठेवावा लागतो. पिशवी फुगीर असेल आणि दंडापासून मनगटापर्यंत सगळा हात तिच्यावर पसरला, १५० चौरस सेंटीमीटर टेकला, तर तोच जोर ५.७ किलो होतो. सूर तोच, आवाज तोच, हातावरचा भार मात्र दीडपट. शिवाय फुगीर पिशवी कोपराला बाहेर ढकलते. कोपर बाहेर गेलं की खांदा वर येतो, आणि वर आलेल्या खांद्याने पाच-सहा किलो दाबून धरायचे म्हणजे भरलेली घागर हात लांब करून धरण्यासारखं आहे.

तुमच्या पत्रातली तिन्ही लक्षणं बघता पहिला संशय येतो तो मापाचा: तुमची पिशवी तुम्हाला मोठी आहे. असं पुष्कळदा होतं. पिशव्यांची तयार मापं उंचपुऱ्या, लांब हातांच्या पुरुषांना धरून काढलेली असतात. काही वेळा तर हायलँड पाइप्सची पिशवीच स्मॉलपाइप्सना लावून देतात. मी पहिला संच मागवला तेव्हा माझ्या वाट्यालाही तशीच आली होती. ती कुठल्या पाइप्सची हेही विकणाऱ्याने सांगायचं टाळलं होतं, फक्त "स्टँडर्ड" एवढंच लिहिलं होतं. सहा महिने मी माझ्याच हाताला नावं ठेवली. मग एका संध्याकाळी पिशवी उतरवून टेबलावर ठेवली, शेजारी हात ठेवला, आणि ती कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या माझ्या हाताहून लांब आहे हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून चामडं की कृत्रिम हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी माप.

माप घ्यायला पिशवीची गरज नाही. एक आंघोळीचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा घ्या. हात नसलेल्या खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा. भजनाची सवय आहे म्हणून मांडी घालून बसू नका, मांडी घातली की भाता गुडघ्याला अडतो आणि पाठ गोल होते. टॉवेलची गुंडाळी करा, एक टोक जाड आणि दुसरं निमुळतं, साधारण फणसाच्या गऱ्यासारखी, आणि ती अभ्र्यात घाला. जाड बाजू मागे करून डाव्या हाताखाली घ्या. काखेत खोल खुपसू नका, काखेच्या चार बोटं खाली, बरगड्यांना लागून ठेवा. आता डोळे मिटा आणि दोन्ही खांदे खाली सोडा. डावा हात, समोर चॅण्टर, म्हणजे बोटांनी सूर वाजवायची भोकांची नळी, आहे असं समजून, पोटापुढे आणा. कुणाला तरी समोरून बघायला सांगा. डावा खांदा उजव्याहून वर दिसला की टॉवेलचा एक वेढा कमी करा. पुन्हा बसा, पुन्हा बघा. दोन्ही खांदे एका रेषेत येईपर्यंत हे करत राहा. मग गुंडाळीची तीन मापं घ्या: सगळ्यात जाड जागेचा घेर, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतची लांबी, आणि पुढच्या टोकापासून तुमच्या डाव्या तर्जनीपर्यंतचं अंतर. पिशवी बनवणाऱ्याला ही मापं आणि तुमची उंची कळवा. "मीडियम पाठवा" एवढंच लिहून मागवू नका, एकाचं मीडियम दुसऱ्याचं लार्ज असतं.

फार लहान पिशवीही नको. पिशवीतली हवा म्हणजे तुमची शिल्लक. भाता वर जाऊन हवा भरून घेतो तेवढ्या वेळात सूर त्या शिल्लकीवर चालतो. शिल्लक अपुरी असेल तर भात्याच्या प्रत्येक हेलकाव्याला सूर डुलतो आणि उजवा हात दम लागल्यासारखा चालत राहतो. पण तोंडाने फुंकायच्या वाद्याला लागते तेवढी शिल्लक इथे लागत नाही, कारण इथे दाब कमी आणि हवेचा खर्चही कमी. दोन मापांत अडलात तर लहान घ्या.

आता मनगट. डावा हात चॅण्टरच्या वरच्या भोकांवर असतो आणि चॅण्टर पिशवीच्या मानेला लटकतो. म्हणून मान कशी वळलेली आहे यावर मनगट सरळ राहणार की वाकणार हे ठरतं. सरळ मानेच्या पिशवीत चॅण्टर डावीकडेच राहतो, हात मागे खेचला जातो आणि मनगट आत वळतं. हंसाच्या मानेसारखा बाक असलेली पिशवी चॅण्टरला पोटाच्या मधोमध आणते. तुमच्यासाठी मी बाकदार मानेचीच सांगेन. मानेचं चामडं मऊ असायला हवं. काही कृत्रिम पिशव्यांची मान इतकी ताठ असते की चॅण्टर थोडा फिरवला तर पिशवीच फिरते.

घसरण्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे भात्याकडून पिशवीत हवा आणणारी नळी आखूड असेल तर ती पिशवीला पुढे ओढत राहते. वाजवताना ती नळी बोटाने चाचपून पाहा, ताणलेली लागली तर ती बदला. काम स्वस्तात होईल. दुसरं कारण तुमच्या अंगावर आहे. पदर डाव्या खांद्यावरून खाली येतो, नेमका पिशवीच्या जागी, आणि त्यात साडी रेशमी असेल तर पिशवी तेलावर ठेवल्यासारखी सरकते. सुती साडी नेसा, पदर पाठीमागून घेऊन कमरेला घट्ट खोचा. पिशवीचा गलाफ मखमलीचा असेल तर तो बदलून कॉर्डरॉयचा शिवून घ्या, आणि आतल्या बाजूला, बरगड्यांना लागते तिथे, कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट वीतभर शिवून टाका. एवढ्याने माझी पिशवी जागेवर राहायला लागली.

पिशवी बदलण्याआधी भात्याचा पट्टाही तपासा. हा पट्टा सैल असला की भाता उघडताना बरगडीवर टेकलेली फळीही कोपराबरोबर वर उचलली जाते, आणि मग तो उघडायला उजवा खांदा वर न्यावा लागतो. एक खांदा वर गेला की दुसरा त्याच्या मागे जातो. पट्टा कमरेच्या वर, बरगड्यांच्या शेवटाला, श्वास अडणार नाही इतपत घट्ट हवा. दंडाचा पट्टा कोपराच्या किंचित वर. भाता फाटक उघडल्यासारखा बाजूला उघडला पाहिजे.

आता चामडं की कृत्रिम. तोंडाने फुंकायच्या बॅगपाइपमध्ये श्वासाची वाफ पिशवीत जाते, पाणी साठतं. त्यासाठी वाफ बाहेर सोडणारं कापड, आत पाणी अडवायच्या डब्या, पिशवी उघडून पुसायला चेन, असले सगळे उपाय निघाले. भात्याच्या वाद्यात खोलीतलीच हवा आत जाते, वाफ नाही. रीडं, म्हणजे सूर काढणाऱ्या पात्या, कोरडी राहतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, ती इतकी नाजूक ठेवता येतात तीही त्यामुळेच. म्हणजे त्या डब्या, ती चेन, यांना तुम्ही पैसे मोजू नका. चेनीमुळे पिशवी ताठ होते आणि हवा गळायला आणखी एक जागा मिळते.

प्रश्न आहे तो गोव्याच्या हवेचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पिशवीला का येणार नाही? मी रोज वाजवणाऱ्याला चामडं घे म्हणतो, आणि चार-चार आठवडे वाद्य त्याच्या खोक्यात बंद ठेवणाऱ्याला कृत्रिम. तुम्ही रोज रियाजाला बसणाऱ्या आहात. पातळ, मऊ, हवा न सोडणारं चामडं घ्या. ते दोन-तीन महिन्यांत तुमच्या बरगडीचा आकार घेतं, हाताखाली जिवंत लागतं, आणि त्यातून दाबाचा बारीक फरक हाताला कळतो. कृत्रिम पिशवी हलकी असते, बुरशी नसते, तेल-मेण लावायला लागत नाही, हे सगळं खरं. पण घामेजल्या अंगाला ती चिकटते किंवा निसटते, मधलं काही नाही, आणि आपल्या मे महिन्यात घाम येणारच.

बुरशी आलेल्या जुन्या पिशवीचं मला वाईट वाटलं. घुमटाचं, आपल्या मातीच्या तालवाद्याचं, कातडं आपण आरतीच्या आधी उन्हात ठेवतो, ते तापून ताणलं जातं आणि नाद उघडतो. ती सवय इथे अजिबात नको. पिशवीचं चामडं उन्हात ठेवलं की त्यातलं तेल निघून जातं, ते कडक होतं आणि शिवणीपाशी चिरतं. बुरशी दिसली तर गलाफ काढा, घराबाहेर कोरड्या सुती फडक्याने पुसा, पंख्याखाली एक दिवस टांगा. पावसाळ्यात वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नका. वाजवून झाल्यावर गलाफ काढून तासभर मोकळ्यावर राहू द्या, मग पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला त्या बदला किंवा तापवून कोरड्या करा. आणि वाजवत राहा. रोज हवा खेळणाऱ्या पिशवीला बुरशी धरायला वेळ मिळत नाही.

पिशवीत ओतायचं औषध विकतात, त्याबद्दल एक सावधगिरी. हायलँड पाइप्ससाठी पाणी आणि ग्लिसरीन असलेली पातळ औषधं असतात, ती ओलावा धरून ठेवण्यासाठी. तुमच्या पिशवीत ती कधीच ओतू नका, आतल्या रीडांपर्यंत ओल जाईल. तेल-मेणाचं घट्ट मलम लागतं, तेही बनवणाऱ्याने सांगितलं तेवढंच, वर्षातून एखाद वेळी, सगळे स्टॉक, म्हणजे नळ्या बसवायच्या लाकडी खोबणी, बुचं लावून बंद करूनच.

इथे शिवून घेण्याबद्दल. पट्टे, गलाफ, दंडाची पट्टी हे सगळं फोंड्यात किंवा म्हापशाच्या बाजारात उत्तम होईल, आणि अंगाला लावून करून घेता येईल. पिशवी मात्र पाइप बनवणाऱ्याकडूनच मागवा. चामड्याची बॅग शिवणाऱ्याचा टाका सुंदर असतो, पण त्याच्या टाक्यातून हवा जाऊ नये अशी अट त्याच्यावर कधी आलेली नसते. प्रत्येक सुईचं भोक म्हणजे एक गळती, आणि पिशवीच्या कडेला अशी शेकडो भोकं असतात.

पिशवी आली की घाई करू नका. चॅण्टर आणि ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून राहणाऱ्या नळ्या, ज्या लाकडी खोबणीत बसतात त्या स्टॉकची जागा चामड्याला भोक पाडून करायची असते, आणि पाडलेलं भोक परत बुजत नाही. आधी कोरी पिशवी हाताखाली घेऊन आरशासमोर बसा. ड्रोन छातीवरून आडवे उजव्या खांद्याच्या दिशेने कसे येतील ते बघा, खडूने खूण करा. उठा, फिरा, पुन्हा बसा, पुन्हा खूण करा. तीन दिवस तीन वेगळ्या वेळी केलेल्या खुणा एका जागी आल्या की भोक पाडा, स्टॉकच्या जाडीपेक्षा जरा लहानच. चामडं ताणून स्टॉकवर चढवायचं आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे वेढे स्टॉकच्या खाचेत ओढून बांधायचे. दोरा ओढताना बोटं कापतात, हातमोजे घाला. हे काम जमणार नाही असं वाटत असेल तर भाचीच्या हाती वाद्य परत पाठवून तिकडेच बसवून घ्या, पण खडूच्या खुणा तुमच्याच असू द्या.

बांधून झाल्यावर गळती बघायची. सगळ्या स्टॉकना बुचं लावा, भात्याने पिशवी टम्म भरा आणि हात दाबून मिनिटभर बसा. पिशवी ढिली पडली तर हवा येण्याच्या तोंडालाही बूच लावून पुन्हा बघा. आता टिकली तर गळती पिशवीत नाही, आत असलेल्या एकदिशा झडपेत आहे, आणि तिचं चामडं बदललं की काम झालं. तरीही ढिली पडली तर पंखा बंद करून शिवणीजवळ, दोन वितींवरून, अगरबत्ती फिरवा. धुराची रेघ जिथे थरथरेल तिथे गळती आहे.

आणखी एक सोय करून ठेवा, पेटीवाल्यांना ती फार आवडते. मत्स्यालयाची पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, फळीवर यू आकारात ठोका, त्यात कुंकवाचं पाणी भरा. एका ड्रोनच्या जागी भोक पाडलेलं बूच लावून नळीचं एक टोक त्यात घाला. वाजवायला लागलं की दोन बाजूंच्या पाण्यात ३८ सेंटीमीटरच्या आसपास फरक पडेल. तो फरक भाता वर-खाली होताना हलू द्यायचा नाही, हा रियाज. पहिल्या आठवड्यात पाणी नाचेल. तिसऱ्या आठवड्यात ते नुसतं श्वास घेतल्यासारखं हलेल.

देवळाचा प्रश्न घरच्यांना असा समजावा: मृदंगाला, तबल्याला, घुमटाला कातडंच असतं, आणि ते गाभाऱ्यासमोरच वाजतात. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आली, आता शेळीचं लावतात. तरी तुमच्या देवस्थानच्या पुजाऱ्यांना एकदा विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी.

आणि तुमचा चॅण्टर ए सुराचा असेल, बहुतेक असतोच, तर तुमचा षड्ज पेटीवरची पांढरी सहा. बायकांच्या गळ्याच्या काळी चार आणि काळी पाचच्या बरोबर मध्ये. तीन ड्रोन म्हणजे खर्ज, पंचम आणि वरचा षड्ज, तंबोराच तो. चॅण्टरवर नऊच सूर: खाली मंद्र कोमल निषाद, मग शुद्ध सप्तक, त्यातही निषाद कोमल, आणि वर तार षड्ज. खमाजाच्या थाटातलं कितीतरी भजन त्यात बसतं. सनईच्या बाजूला सूर धरणारा बसतो, तो आणि सनईवाला एकाच माणसात, असं हे वाद्य आहे. नवी पिशवी बांधली की पहिले आठ दिवस चॅण्टरला बूच लावा आणि फक्त ड्रोन वाजवा, सकाळी दहा मिनिटं, आरशासमोर, खांद्यांकडे बघत.

टॉवेलची तीन मापं आणि भात्यापासून पिशवीपर्यंतच्या नळीची लांबी मला कळवा. चवथीच्या आधी मागवली तर नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत बांधता येईल, आणि बांधायला तोच मोसम बरा.